मावशीचं घमेलं

“घरात आणखी कोण कोण असतं?” डॉक्टरीणबाईंनी कागदावरची मान वर न करता विचारलं.

“आम्ही दोघं, हे आमचे बाबा,” सूनबाईनं शेजारी बसलेल्या सासऱ्यांकडे हात केला, “आणि मावशी.”

“मावशींची तब्येत कशी असते? घरात कुणाला जुना आजार वगैरे?”

“नाही, तशी ठणठणीत आहे. वय झालंय आता. दिवसभर झोपूनच असते. दोन वेळा खाते आणि कोपऱ्यातल्या घमेल्यात शी-शू करते.”

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. “घमेल्यात?”

“हो. वाळू असते ना त्यात.”

“आणि ते साफ कोण करतं?”

“मीच की. आधी सासूबाई करायच्या.”

“अहो, तिसरा महिना चालू आहे तुमचा! या अवस्थेत त्यांना उचलणं, बसवणं... वजन किती आहे त्यांचं?”

“चार किलो.”

आता मात्र मान वर झाली. तिचे सासरे, पॅकरकाका, घसा खाकरून म्हणाले, “मांजर आहे ती, डॉक्टर. वाघाची मावशी, म्हणून मावशी. आमच्या मंडळींनी ठेवलेलं नाव.”

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. बाहेर बसलेली नर्स काय झालं म्हणून दार उघडून डोकावून गेली. पण चष्मा परत नाकावर चढला तेव्हा चेहरा गंभीर झाला होता.

“हे बरं झालं बोललात. मांजराच्या विष्ठेतून एक जंतू येऊ शकतो. प्रत्येक मांजरात असतोच असं नाही. आपल्यासारख्यांना तो झाला तरी बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही. पण पोटातल्या बाळाला तो बाधला तर वाईट. डोळ्यांना, मेंदूला त्रास होतो. आज रक्त देऊन जा. आणि घमेल्याला तुम्ही हात लावायचा नाही. बाळ होईपर्यंत अजिबात नाही.”

“मग मांजर कुणाला देऊन टाकायची का?” काकांनी विचारलं.

“मी तसं म्हटलं का? मांजर घराबाहेर जात नाही ना? कच्चं मांस खात नाही ना? मग राहू द्या. फक्त दुसऱ्या कुणीतरी ते रोज साफ करायचं. रोज म्हणजे रोज. तो जंतू ताज्या घाणीत असला तरी लगेच बाधत नाही. त्याला एखादा दिवस तरी लागतो. त्याच्या आत घाण घराबाहेर गेली पाहिजे. आहे ना घरात दुसरं कुणी करणारं?”

सूनबाई जमिनीकडे बघत होती. काका भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे बघत होते.

“आहे,” ते म्हणाले. आणि हा माणूस कोण, असा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडला.

काकांनी तेहतीस वर्षं काचेच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात काढली होती. औषधाच्या बाटल्या, परीक्षानळ्या, दिव्यांच्या नाजूक चिमण्या. आधी पेंढ्यात, मग भुशात, मग पुठ्ठ्याच्या कप्प्यांत. त्यांनी बांधलेलं खोकं जिन्यावरून पडलं तर जिन्याला खोक पडेल, आतल्या मालाला नाही, असं कारखान्यात म्हणत. म्हणून तिथे ते पॅकर, इमारतीत पॅकरकाका. खरं नाव वीजबिलावर तेवढं उरलं होतं.

घरात मात्र ते पाहुण्यासारखे राहिले. घर आपोआप चालतं अशी त्यांची समजूत होती. अकरा वर्षांपूर्वी बायकोनं कापडी पिशवीतून ओलंचिंब पिल्लू आणलं तेव्हा, “हे इथं राहणार नाही,” असं ते ठणकावून म्हणाले होते. पिल्लू राहिलं. ते काय खातं, कुठे जातं, हे खातं बायकोचं. दोन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ती गेली आणि ते खातं न बोलता-सांगता सुनेकडे आलं. काका सकाळी वर्तमानपत्र वाचत, मावशी शेजारच्या खुर्चीत झोपे. दोघं एकमेकांना ओळख दाखवत नसत.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दोन्हींच्या मधे अरुंद बोळ. बोळात बेसिन, बेसिनखाली घमेलं आणि घमेल्यापासून तीन पावलांवर स्वयंपाकाचा ओटा. म्हणजे एक दिवस जरी हयगय झाली तरी वर्दी थेट जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचणार.

संध्याकाळी घरात बैठक बसली. मुलगा वीजखात्यात लाइनमन. भर वादळात खांबावर चढणारा गडी, पण मांजराच्या घमेल्याचा वास त्याला सोसत नसे.

“मी करतो,” तो शूरपणे म्हणाला, बेसिनपर्यंत गेला आणि तोंडावर हात दाबून गॅलरीत पळाला.

फोनवर विहीणबाई होत्या. तीस वर्षं इस्पितळात वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेल्या सिस्टर. त्यांचा आवाज फोनमधूनही निर्जंतुक वाटायचा.

“व्याही, तुम्हाला राग येईल, पण मी स्पष्ट बोलते. एवढ्याशा जागेत ते मांजर नको. देऊन टाका कुणाला. नसेल जमत तर पोरीला मी इकडे घेऊन येते. बाळ सहा महिन्यांचं झालं की बघू.”

सूनबाईच्या मांडीवर मावशी वळकटी करून पडली होती. तिच्या कानामागे खाजवत सूनबाई हळूच म्हणाली, “आई गेल्या, त्यानंतर तुम्ही बाबा रोज बाहेर जाऊन बसायचात. हे कामावर. दुपारी घरात आम्ही दोघीच असायचो.”

मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची हा प्रश्न उंदरांना पडला होता म्हणतात. इथे घमेलं कुणी उचलायचं या प्रश्नावर तीन माणसं गप्प बसली होती.

“मी करतो,” काका म्हणाले.

मुलानं बापाकडे पाहिलं. मावशीनंसुद्धा एक डोळा उघडला.

“मी सांगते बाबा कसं करायचं ते,” सूनबाई म्हणाली. “ते एका जाड पाकिटात...”

“मला शिकवू नकोस. तेहतीस वर्षं हेच केलंय. माल बदलला, एवढंच.”

पहिल्या दिवशी काकांनी अक्कल चालवली. घाण ती घाण. माणसाची जिथे जाते तिथे मांजराची गेली तर काय बिघडलं? वाळूत ओले गोळे झाले होते. ते पत्र्याच्या तुकड्यानं उचलून त्यांनी संडासात टाकले, बादलीभर पाणी ओतलं आणि हात झटकले. एवढंसं काम आणि घरच्यांनी केवढा बाऊ केला होता!

चौथ्या दिवशी संडास तुंबला. नुसता तुंबला नाही, पाणी काठापर्यंत येऊन थांबलं आणि चौघंही, मावशीसकट, त्याच्याकडे बघत उभे राहिले. प्लंबर आला. बाह्या सरसावून त्यानं तार आत घातली, अर्धा तास झटापट केली आणि नारळाएवढा राखाडी गोळा बाहेर काढला. त्यावर त्यानं पान्हा आपटून पाहिला. टणक.

“काका, आत स्लॅब टाकायला घेतलाय का?”

“मांजराची वाळू आहे.”

“वाळू कसली, माती आहे ही. पाणी लागलं की फुगते आणि मग बसते. चार दिवसांचं निघालं, नशीब समजा. महिनाभर चालवलं असतंत तर अख्ख्या इमारतीचा पाइप फोडावा लागला असता. मग खालचे तिन्ही मजले तुमच्याकडे आले असते. आणि रिकाम्या हातानं आले नसते.”

सूनबाई तोंडाला ओढणी लावून आत गेली. तिला वासानं मळमळलं की हसू आवरलं नाही, ते काकांनी विचारलं नाही.

संडासाचा मार्ग बंद झाला. मग काकांनी भाजीची पातळ पिशवी घेतली, दोन दिवसांचा माल त्यात कोंबला, वर एक गाठ मारली आणि दाराबाहेरच्या डब्यात ठेवून दिली. दोन दिवसांचा अशासाठी की आदल्या दिवशी कंटाळा केला होता. डॉक्टरीणबाईंचं ‘रोज म्हणजे रोज’ कानात वाजत होतं, पण एका कानात.

सकाळी सात वाजता खाली शिट्टी वाजायची. नऊ वर्षांपासून कचरा नेणारी बाई ढकलगाडी फाटकाशी लावून वर यायची, प्रत्येक मजल्यावरचे डबे मोठ्या टोपलीत रिकामे करायची आणि उतरायची. काका त्या वेळी वर्तमानपत्रात असत. त्या दिवशी जिन्यात फस्स असा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. एखादी शिवी आली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

ते दार उघडून खाली उतरले. दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर बाई उजवा हात अंगापासून लांब धरून उभी होती. पिशवी फाटून कोपरापर्यंत राखाडी चिखल ओघळला होता. हातमोजा होता, पण अंगठ्याशी उसवलेला. पायऱ्यांवर जे सांडलं होतं त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तेहतीस वर्षांत काकांच्या हातचा माल असा जिन्यात कधी फुटला नव्हता.

“थांबा,” एवढंच म्हणून ते वर पळाले, बादली, तांब्या आणि साबण घेऊन आले. ते पाणी घालत राहिले, बाई हात धूत राहिली.

“मांजराचं आहे ते,” काका म्हणाले.

“ते कळलं मला.”

“माझीच चूक.”

बाईनं हात झटकले, पदराला पुसले. वय चाळिशीचं, आवाज शांत. “काका, घाण उचलायचीच आहे मला. माझं कामच ते. तुम्ही घाण देता याचं मला काही नाही. न सांगता देता, त्याचा त्रास होतो. काय आहे ते आधी कळलं तर मी हात तसा घालते.” तिनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं. त्यावर पांढरट वण होता. “ही काच. फुटका ग्लास नुसता कागदात गुंडाळून दिलेला. तीन टाके पडले. आठ दिवस घरी बसले.”

काका त्या वणाकडे बघत राहिले. काच कशी गुंडाळावी हे या इमारतीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस नऊ वर्षं रोज सकाळी दाराआड वर्तमानपत्र वाचत बसला होता.

“आमच्याकडून आधी कसं यायचं हे?” त्यांनी विचारलं.

“काकू होत्या तेव्हा? पिठाची, साबणाची जाड पाकिटं असतात ना, ती धुऊन वाळवून ठेवायच्या त्या. त्यात घालायच्या, सुतळीनं बांधायच्या आणि डब्यात नाही टाकायच्या. माझी वाट बघत दारात उभ्या राहायच्या. ‘ताई, हे मांजराचं, वेगळं ठेव,’ म्हणून हातात द्यायच्या. सूनबाईंचंही तसंच. गेले पाच-सहा दिवस त्या दिसल्या नाहीत, मला वाटलं गावाला गेल्या.”

“नाही. बाळ होणार आहे तिला. म्हणून हे काम माझ्याकडे आलंय.”

“असं होय!” बाई एकदम हसली. “मग काका, नीट करा की हो!”

बाई खाली गेली. काकांनी जिना स्वतः धुतला, वरपासून खालपर्यंत. पुसता पुसता त्यांच्या मनात एकच येत होतं. इतकी वर्षं रोज सकाळी बायको पाच मिनिटं दारात कुणाची तरी वाट बघत उभी असायची. ती तिथे का उभी आहे, असं आपण एकदाही विचारलं नाही.

वर येऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. “सूनबाई, ते जाड पाकिटाचं काय सांगत होतीस?”

सूनबाईनं ओट्याखालचा कप्पा दाखवला. तिथे घड्या घातलेल्या पाकिटांची चळत होती. वरची तिची, खालची सासूबाईंची. शेजारी एक जुना झारा, दांड्याला लाल दोरा गुंडाळलेला. “आईंनी बांधलाय. चुकून कुणी कढईत घालू नये म्हणून.”

काकांनी तो झारा हातात घेतला. बायकोची गाठ त्यांना ओळखू आली. पॅकरच्या बायकोची गाठ. दोन वेढे आणि मग आतून फास. ही गाठ तिला कुणी शिकवली, हे मात्र त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून काकांचा कारखाना सुरू झाला. सकाळी साडेसहाला बोळातली खिडकी उघडायची, बोळाचं आतलं दार लावायचं, रबरी हातमोजे चढवायचे. वाळू ढवळायची नाही, धूळ उडते. झारा कडेनं आत घालून गोळे अलगद उचलायचे, जसे भुशातून बाटल्या काढाव्यात. पाकिटात जेमतेम मूठ-दोन मूठ, हावरेपणा नाही. हवा दाबून काढायची, तोंड दुमडायचं, बांधायचं. मग ते पाकीट उलटं करून दुसऱ्यात, म्हणजे एकाचं तोंड दुसऱ्याच्या बुडाशी. आतलं सुटलं तरी बाहेरचं सुटत नाही. हे काचेचं तत्त्व. मातीलाही चाललं. आठवड्यातून एकदा सगळी वाळू काढायची, ती एका जड पिशवीत न भरता चार हलक्या पिशव्यांत. घमेलं कढत पाण्यानं आणि साबणानं घासून गॅलरीत उन्हाला ठेवायचं. नवी वाळू घालण्याआधी तळाला चमचाभर खाण्याचा सोडा. शेवटी हात, शंभर आकडे मोजून.

ते उन्हातलं घमेलं सुकेपर्यंत मावशी त्याच्याशेजारी बसून राही. बसची वाट बघणाऱ्या म्हातारीसारखी.

राहिली चिठ्ठी. चिठ्ठीशिवाय माल कारखान्याबाहेर जात नसे. काकांनी विचार केला, बाईला वाचता येत असेल की नाही? विचारलं तर तिला वाईट वाटायचं. म्हणून त्यांनी कागदाच्या तुकड्यावर मन लावून चित्र काढलं, कान, मिशा, शेपूट, आणि त्यावर मोठी फुली मारली. सातच्या शिट्टीला ते दारात हजर होते.

बाईनं पाकीट हातात घेतलं. दाबून पाहिलं. मग चिठ्ठी पाहिली. बराच वेळ पाहिली.

“काका, आठवी पास आहे मी.”

“हो का?” काका ओशाळले.

“आणि हा उंदीर आहे.”

आतून सूनबाईचा हसण्याचा आवाज आला. यावेळी शंकेला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर ठळक अक्षरांत होतं: ‘मांजराची घाण. उघडू नये.’ बाईनं ते मोठ्यानं वाचलं, “हां, आता कसं!” म्हणाली आणि पाकीट टोपलीत न टाकता वेगळ्या पिशवीत ठेवलं. तेव्हापासून काका तिला ताई म्हणू लागले.

रक्ताचा निकाल यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात सूनबाई हसली तरी मधेच थांबायची. रोज ती बेसिनपाशी जाऊन हात धुवायची, काही केलेलं नसतानाही. “आधीचे दोन-अडीच महिने मीच उचलत होते ना बाबा,” एवढंच एकदा म्हणाली. त्या दिवशी घमेलं काकांनी दोनदा घासलं.

निकाल आणायला तेच गेले. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. “काही नाही. तिला तो संसर्ग आजवर कधी झालेलाच नाही.”

“म्हणजे सुटलो?”

“उलट. कधी झालेला नाही, म्हणजे अंगात प्रतिकारही नाही. पुढे जपायला हवं. मावशींचं घमेलं कोण बघतंय आता?”

“मी,” काका म्हणाले. आता भिंतीवरच्या चित्राकडे बघायची गरज पडली नाही.

पाचव्या महिन्यात विहीणबाई न कळवता आल्या. वॉर्डाची तपासणी करायला सिस्टर कधी कळवून येत नाहीत. दारातच त्यांनी दोनदा दीर्घ श्वास घेतला. मग उकडतंय म्हणून खिडकीपाशी, बरोबर बोळातच खुर्ची टाकून बसल्या. पाणी प्यायल्या, लेकीचे पाय सुजलेत का ते पाहिलं, आणि समाधानानं मान हलवली.

“मांजर दिलंत वाटतं शेवटी? बरं केलंत, व्याही. घर कसं स्वच्छ वाटतंय. आधी आलं की कळायचं.”

कुणी काही बोलायच्या आत खुर्चीमागे खर्रर्र खर्रर्र आवाज झाला. विहीणबाई दचकून उठल्या. बेसिनखालच्या घमेल्यात मावशी अतिशय गंभीर चेहऱ्यानं वाळू उकरत होती. काम आटोपून तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि शेपटी ताठ करून निघून गेली.

“मी... दहा मिनिटं... याच्याशेजारी बसले होते?”

“वीस,” काका म्हणाले, हातमोजे चढवले आणि तिथल्या तिथे सगळं काम करून दाखवलं. झाऱ्यापासून चिठ्ठीपर्यंत. विहीणबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. घमेल्याच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. हात पुसायचा टॉवेल वेगळा आहे का, विचारलं. वेगळा होता. त्यावर कोपऱ्यात ‘फक्त मावशी’ असं लिहिलेलं होतं.

“माझ्या वॉर्डात तुमच्यासारखा एक माणूस मिळाला असता ना,” त्या म्हणाल्या, “तर माझे केस दहा वर्षं उशिरा पिकले असते.” आणि लेकीकडे वळून, “राहा इथेच. मीच येत जाईन.”

काकांनी हात शंभराऐवजी दीडशे आकडे मोजून धुतले. तोंड लपवायला बेसिन बरं पडतं.

मुलगी झाली. चौथ्या दिवशी बाळ घरी आलं. मावशीनं दुरूनच हवेत नाक वर केलं, एवढ्याशा देहातून एवढा आवाज येतो याबद्दल नापसंती दाखवली आणि आपली खुर्ची गाठली. बाळाचे लंगोट आले आणि काकांचा कारखाना दोन पाळ्यांत चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सातला शिट्टी वाजली. काका पाकीट घेऊन दारात होतेच. त्या दिवशी ताई बाकीचे मजले सोडून आधी याच मजल्यावर आली. पाकीट घेतलं, पण निघेना. उघड्या दारातून आत बघत होती.

“पोरगी ना? कुणासारखी आहे?”

“आत या, बघा,” सूनबाईनं आतून हाक दिली.

“नको हो. माझे हात असे.” तिनं दोन्ही हात मागे घेतले. नऊ वर्षांत तिनं उंबरठा ओलांडला नव्हता, आणि ओलांड असं कुणी म्हटलंही नव्हतं.

“हात माझेही तसेच असतात की,” काका म्हणाले. “धुतले की झाले.” ते आत जाऊन नळ सोडून उभे राहिले.

ताई आत आली. हातमोजे काढून दाराबाहेर ठेवले, बाह्या दंडापर्यंत वर केल्या. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपरं. काका मनातल्या मनात मोजत होते. दोनशेच्या पुढे गेल्यावर त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि कपाटातून नवा कोरा टॉवेल काढून दिला. मग खुर्ची पुढे केली. मावशीची. मावशीला त्यासाठी उठावं लागलं.

सूनबाईनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. बाळानं जांभई दिली आणि तिचं बोट, वण असलेलं, मुठीत धरलं.

खालून हाका सुरू झाल्या होत्या. “अहो, कचरा! कुणी आहे का गाडीपाशी?” ताईची नजर दाराकडे गेली, पण बोट सोडवून घ्यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

“बसा तुम्ही,” काका म्हणाले. “मी बघतो.”

दाराबाहेरचे हातमोजे त्यांना घट्ट झाले. त्यांनी आपले घातले, टोपली उचलली आणि खाली गेले. फाटकाशी गाडीभोवती चार-पाच माणसं जमली होती. सगळ्यांत पुढे पहिल्या मजल्यावरचे साहेब होते, ऑफिसचे कपडे, एका हातात बॅग. त्यांनी दोन बोटांत धरलेली पिशवी तोंडाशी उघडी होती आणि खालून ठिबकत होती.

“तुम्ही, काका? बाई कुठे आहे?”

“कामात आहेत. दहा मिनिटं लागतील.” काकांनी हात पुढे केला. “द्या.”

साहेबांनी पिशवी पुढे केली आणि मधेच थांबले. ज्या हातात ती जाणार होती तो हात त्यांनी पाहिला, मग वर चेहरा पाहिला. रोज जिन्यात भेटणारा, पेन्शनीतला, पांढऱ्या केसांचा शेजारी. त्यांनी पिशवी मागे घेतली. बॅग जमिनीवर ठेवली. मग खाली बसून, दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड गोळा करून त्यांनी गाठ मारली. ती सैल वाटली म्हणून सोडली आणि पुन्हा मारली.

मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी ते पाहिलं. त्यांनीही आपल्या हातातल्या पिशवीकडे एकदा खाली वाकून पाहिलं.